अनोळखी पावडर, गळका टँकर : पोलिसांनी आधी काय करावं?

महामार्गावर टँकर कलंडतो, ओढ्याकाठी कुणी पिंपं टाकून जातं, एसटी स्टँडवर पांढऱ्या पावडरीची पुडी सापडते. तिथं सगळ्यात आधी पोचतो तो गस्तीवरचा पोलीस. तज्ज्ञ मागून येतात. मधल्या वेळेत त्यानं काय केलं, यावर त्याचा आणि गर्दीचाही जीव अवलंबून असतो.

जप्तीनंतरही धोका संपत नाही

१४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात, फरिदाबादहून आणलेल्या जप्त स्फोटक साठ्याचे नमुने घेताना स्फोट झाला. ९ जण गेले. त्यात पोलीस आणि न्यायवैद्यक कर्मचारी होते, तसे महसूल कर्मचारी आणि मदतीला बोलावलेला एक शिंपीही होता. मुद्देमाल ठाण्यात आला म्हणजे तो निर्धोक झाला, असं नसतं.

नाकावर भरवसा नको

वास घेऊन किंवा चाखून ओळखायची सवय घातक आहे. गटारात, मैल्याच्या टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणूस कोसळतो. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना ओल लागली की विषारी फॉस्फीन वायू सुटतो. अशा बंद खोलीत पंचनाम्याच्या घाईनं शिरणं जिवावर बेतू शकतं.

आधी अंतर, मग चौकशी

पदार्थ कोणता हे कळत नसेल, तर चहूबाजूंनी किमान १०० मीटर जागा मोकळी करावी, असं अमेरिका-कॅनडातली आपत्कालीन मार्गदर्शिका सांगते. टँकरच पेटला असेल तर ८०० मीटर. वारा आपल्याकडून त्या वस्तूकडे वाहत असेल अशा बाजूला, शक्यतो उंचावर उभं राहावं. क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे सखल भागात साचतात.

टँकरवरची पाटी वाचा

मोटार वाहन नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे टँकर गुजरातचा असो की कर्नाटकचा, धोक्याची पाटी एकाच पद्धतीची असते. त्यावरचा चार आकडी यूएन क्रमांक लांबूनच टिपून नियंत्रण कक्षाला कळवावा : १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. वरच्या कोडच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ अक्षर असेल, तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार लगेच करावा लागतो.

हात, कपडे, घर

२०१८ साली इंग्लंडमधल्या सॅलिसबरीत स्क्रिपल यांच्या घराच्या दाराच्या कडीला नोविचोक हे विष लावलं होतं. तपासाला गेलेले पोलीस अधिकारी निक बेली यांनी हातमोजे घातले होते, तरी त्यांना बाधा झाली. ते वाचले, पण कुटुंबाला घर सोडावं लागलं. म्हणून घटनास्थळी तंबाखू मळणं, चहा पिणं, तोंडाला हात लावणं बंद. संशय आला तर वर्दी तिथंच उतरवून वेगळ्या पिशवीत बांधावी, अंग भरपूर पाण्यानं धुवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. ते कपडे घरी नेऊ नयेत.

नागरिकांनीही व्हिडिओ काढायला पुढं जाऊ नये. ११२ ला फोन करा आणि लांब थांबा. पोलीस लांब उभा दिसला, तर तो घाबरलाय असं समजू नका. अशा वेळी त्याचं काम तेच आहे.