मिनी ट्रॅक्टरसाठी स्लॅशर घेताय? इंजिनाचा एचपी सोडून या गोष्टी आधी बघा

पावसाळा सुरू झाला की बागेच्या ओळींमध्ये गवत कमरेपर्यंत वाढतं. तणनाशक मारावं तर द्राक्ष-डाळिंबाच्या मुळांची काळजी, खुरपणीला मजूर मिळत नाही आणि रोटाव्हेटर दर महिन्याला फिरवला की माती भुसभुशीत होऊन पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते. म्हणून गवत मुळापासून न उपटता वरच्यावर कापायचं आणि तिथेच आच्छादन म्हणून पडू द्यायचं, या पद्धतीकडे अनेक बागायतदार वळले आहेत.

त्यासाठी लागणारं यंत्र म्हणजे स्लॅशर, म्हणजेच रोटरी कटर. दुकानात मात्र नुसतं 'रोटरी' म्हणू नका, समोर रोटाव्हेटर येईल.

स्लॅशर नेमकं काम कसं करतो?

ट्रॅक्टरच्या मागे पीटीओचा दांडा असतो. तो बहुतेक ट्रॅक्टरवर मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो. स्लॅशरवरचा गिअरबॉक्स ही गती वाढवून उभ्या दांड्यावर देतो आणि त्याच्या टोकाला असलेली पाती जमिनीला समांतर फिरतात.

गिअरबॉक्सने गती साधारण दुप्पट केली, म्हणजे मिनिटाला १,००० फेऱ्या धरल्या आणि कापणीची रुंदी ४ फूट असली, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या पुढे जातो. गवत कापलं जातं ते धारेपेक्षा या वेगामुळे. एखादा गोटा लागला तर तोही जवळपास त्याच वेगाने उडतो, हे लक्षात ठेवायला हवं.

चांगल्या स्लॅशरची पाती घट्ट बसवलेली नसतात, ती एका पिनेवर मोकळी फिरतात. दगड किंवा खुंट लागला की पातं मागे दुमडतं आणि झटका गिअरबॉक्सपर्यंत जात नाही.

एचपी बघायचा, पण कोणता?

जाहिरातीत ठळक लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. पीटीओपर्यंत पोहोचणारी शक्ती त्याहून कमी असते, साधारण १० ते २० टक्के आणि काही लहान मॉडेलमध्ये त्याहूनही जास्त फरक पडतो. माहितीपत्रकात 'पीटीओ एचपी' वेगळा दिलेला असतो, तोच विचारा.

ढोबळ हिशेब असा की, कापणीच्या दर फुटामागे पीटीओवर ५ एचपी लागतात. म्हणजे पीटीओवर २० एचपी देणाऱ्या ट्रॅक्टरला ४ फुटी स्लॅशर झेपतो. पीटीओ एचपी १२ च्या आसपास असेल तर अडीच-तीन फुटांवर थांबावं. पातळ गवतात ५ फुटीही चालेल, पण श्रावणातल्या ओल्या, दाट गवतात इंजिन दबायला लागतं, पात्यांचा वेग पडतो आणि गवत कापलं न जाता नुसतं झोपतं.

रुंदीची दुसरी बाजू म्हणजे ओळीतलं अंतर. द्राक्षबागेत ९ फुटांची ओळ सर्रास असते. तिथे ४ फुटी यंत्राने एका खेपेत मधला पट्टा निघतो, दोन्ही कडा साफ हव्या असतील तर येऊन-जाऊन दोन खेपा. मात्र यंत्र ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा अरुंद नको, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं. संत्रा किंवा आंब्याच्या बागेत फांद्यांखाली पोहोचायचं असेल तर एका बाजूला सरकवता येणारा स्लॅशर मिळतो.

वेळेचा अंदाजही काढता येतो. ताशी ३ किलोमीटर वेगाने ४ फुटी यंत्र चालवलं आणि वळणांचा वेळ धरला, तर एकराला साधारण दीड तास लागतो.

लिफ्ट उचलेल, पण पुढची चाकं?

लिफ्टची क्षमता खालच्या आर्मच्या टोकाशी मोजलेली असते. स्लॅशरचं वजन त्याच्याही मागे लांबवर असतं, त्यामुळे ७५० किलोच्या लिफ्टवर ७५० किलोचं यंत्र लावता येत नाही. त्याच्या कितीतरी आधीच पुढची चाकं हलकी होतात आणि बांध चढताना स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजनं लावावी लागतील का, हे विक्रेत्याला यंत्र जोडून, उचलून दाखवायला सांगितलं की लगेच कळतं.

जोडणीही तपासा. मिनी ट्रॅक्टरवर कॅटेगरी १ किंवा तिचा अरुंद प्रकार, म्हणजे १एन असते. दोन्हींतल्या खालच्या पिनांमधलं अंतर वेगळं आहे: पहिल्यात ६८३ मिलिमीटर, दुसऱ्यात ४००. मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेलं जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तरी इथेच अडतं.

ज्याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत

अनेक लहान ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि चाकं एकाच क्लचवर चालतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेलेच राहतात. फिरती जड पाती लगेच थांबत नाहीत. ती उलट चाकांना ढकलतात आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. समोर द्राक्षाचा मांडव, विहीर किंवा माणूस असेल तर काय होईल हे सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच. सायकलचं पायडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. हे त्याच तत्त्वावर चालतं. पीटीओ पात्यांना फिरवू शकतो, पाती पीटीओला नाही. ज्या ट्रॅक्टरचा पीटीओ स्वतंत्र क्लचवर चालतो त्याला याची गरज पडत नाही. तुमचा कोणता आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. हा भाग बसवला की दांड्याची लांबी काही इंचांनी वाढते, त्यामुळे पीटीओ शाफ्ट मापाने कापून घ्यावा लागतो. शाफ्ट लांब राहिला तर यंत्र वर-खाली करताना तो आत ठोकतो आणि पीटीओचं बेअरिंग जातं.

शाफ्टमध्ये शिअर बोल्ट आहे की स्लिप क्लच, हेही बघा. जादा ताण आला की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो स्वस्त आहे, पण त्याच्या जागी गावातल्या दुकानातला जास्त कडक बोल्ट घातला तर त्याचा उपयोगच संपला. स्लिप क्लच महाग, पण दगडाळ रानात सोयीचा. वर्षभर उभा असेल तर त्याच्या चकत्या गंजून चिकटतात, हंगामाआधी तो मोकळा करावा लागतो.

स्लॅशर की मल्चर?

फक्त गवत, गाजरगवत, कोवळी झुडपं असतील तर स्लॅशर पुरे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पडलेल्या द्राक्षकाड्यांचा भुगा हवा असेल तर स्लॅशर निराश करतो. तो काड्या अर्धवट तोडून बाजूला सारतो. त्यासाठी आडव्या रोटरवर हातोड्यांसारखी पाती असलेला मल्चर लागतो. तेवढ्याच रुंदीला त्याला जास्त शक्ती लागते आणि किंमतही जास्त असते.

अनुदान हवं असेल तर

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांमध्ये अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान मिळतं, अवजारानुसार ठरलेल्या कमाल मर्यादेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वसंमती मिळण्याआधीच यंत्र विकत घेतलं तर अनुदान जातं. त्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आहे का, हेही विक्रेत्याकडून आधीच पाहून घ्या.

पहिल्या दिवशी गिअरबॉक्समध्ये तेल आहे का ते बघा, काही यंत्रं कोरडीच येतात. पहिल्या काही तासांच्या कामानंतर ट्रॅक्टर बंद करून पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळा. पाती बदलताना जोडीनेच बदला, वजनात फरक पडला की यंत्र थरथरतं. आणि रानात शिरण्याआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवा. एक नळी पात्यात अडकली की काही क्षणांत आख्खी ओळ गुंडाळून येते.