गंभीर गुन्ह्यांतील जामीन : न्यायालय कोणते निकष लावते?

घरातील व्यक्तीला अटक झाली की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, ‘जामीन केव्हा मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी जामीन म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटल्याच्या वेळी हजर राहण्याच्या हमीवर मिळणारी ती सशर्त मोकळीक होय. त्याचप्रमाणे जामीन नाकारणे ही शिक्षा नव्हे. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निरपराधच मानला जातो.

१ जुलै २०२४ पासून जामिनाच्या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. किरकोळ, जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो. खून, बलात्कार, दरोडा अशा अजामीनपात्र गुन्ह्यांत मात्र तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. असा अर्ज बहुधा सत्र न्यायालयात आणि पुढे उच्च न्यायालयात केला जातो.

न्यायालय प्रामुख्याने पुढील बाबी पाहते : आरोपाचे स्वरूप व संभाव्य शिक्षा, प्रथमदर्शनी दिसणारा पुरावा, आरोपी फरार होण्याची शक्यता, साक्षीदारांवर दबाव येण्याची किंवा पुरावा नष्ट होण्याची भीती आणि आरोपीचा पूर्वेतिहास. या टप्प्यावर पुराव्याची सखोल छाननी होत नाही. परंतु निर्णयाची कारणे थोडक्यात द्यावी लागतात. स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, आजारी व दुर्बल व्यक्ती यांच्याबाबत कायद्याने सवलतीची मुभा ठेवली आहे.

तपासाला कालमर्यादाही आहे. मृत्युदंड, जन्मठेप अथवा दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. आरोपपत्र आधी दाखल झाले, तर ही संधी हुकते.

काही विशेष कायद्यांत हे गणित उलटे होते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यानुसार तपासाची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. दहशतवादाशी संबंधित कलमांखाली आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी आधार आहे असे न्यायालयाला वाटले, तर जामीन देता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यावर पुराव्याचे बारकाईने मूल्यमापन करू नये, असे सांगितल्याने ही अट अधिकच कडक झाली.

येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांचे प्रकरण आपल्या वाचकांना ठाऊक आहे. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे त्यांना याच कायद्याखाली अटक झाली, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते व कंपवाताने ग्रस्त होते. तळोजा तुरुंगातून त्यांनी केलेला वैद्यकीय कारणास्तव जामिनाचा अर्ज त्याच महिन्यात फेटाळला गेला. २२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने, समाजाचे हित त्यांच्या व्यक्तिस्वातंत्र्याहून व वार्धक्याहून अधिक वजनदार ठरते असे मानून, दुसरा अर्जही नाकारला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी निघाली, तेव्हा वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाल्याचे न्यायालयाला कळवण्यात आले. त्यांच्यावरील आरोप कधीच सिद्ध झाले नाहीत, की खोटेही ठरले नाहीत. खटलाच उभा राहिला नाही.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात महत्त्वाचे तत्त्व मांडले होते. आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर कायद्याची कडक अट असली तरी घटनेच्या २१व्या कलमातील जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काखाली संवैधानिक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे तेथे ठरले. हे तत्त्व पुढील अनेक प्रकरणांत आधार ठरले आहे. तरीही प्रत्येक न्यायालय ते सारख्याच उदारपणे लावते असे नाही.

गरिबांची अडचण निराळी आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार वा रक्कम न मिळाल्याने अनेकजण तुरुंगातच राहतात. जामिनाची रक्कम आरोपीच्या ऐपतीबाहेर असू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितले आहे. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तसेच स्त्रियांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. आपल्या परिसरात कोणी अशा संकटात असेल, तर ही माहिती त्या कुटुंबापर्यंत वेळेत पोहोचवणे हेच मोठे साहाय्य ठरेल.