बिल्ल्यातली पांढरी पूड

एक्स-रे विभागात किंवा अणुभट्टीत काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्यात धातूच्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. चकतीत टेफ्लॉनबरोबर असते कॅल्शियम सल्फेट. जिप्सम आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ही त्याचीच पाणी धरून असलेली रूपे. बिल्ल्यातल्या पुडीत मात्र डिस्प्रोसियम या दुर्मीळ धातूचा लवलेश मुद्दाम मिसळलेला असतो. आपल्या अणुविज्ञानाचा इतिहास अणुभट्ट्या आणि स्फोट यांच्याभोवती फिरतो. या पुडीला त्यात क्वचितच जागा मिळते.

किरणोत्सर्गाने पुडीतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या दोषांत अडकून राहतात. पूड सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली, की ते सुटतात आणि साठलेली ऊर्जा निळ्या-पिवळ्या उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. तापवल्यावर हिरा उजळतो, हे रॉबर्ट बॉईलने १६६३ मध्येच नोंदवले होते. पण बिल्ल्यातला उजेड फारच मंद. तो टिपायला फोटोमल्टिप्लायर नळी लागते. तिच्या पडद्यावर आदळलेला प्रकाशकण एखादा इलेक्ट्रॉन सोडवतो आणि टप्प्याटप्प्याने त्याचे लाखो इलेक्ट्रॉन होतात. उजेड जितका जास्त, तितकी त्या माणसाला मिळालेली मात्रा जास्त.

ही पूड प्रथम जपानमध्ये यामाशिता आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. १९७४ मध्ये तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील नंबी, बापट आणि गांगुली यांनी दुर्मीळ मृदा धातू मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटवर निबंध प्रसिद्ध केला. १९७५ पासून देशात फोटोफिल्मच्या बिल्ल्यांची जागा हे बिल्ले घेऊ लागले. आपल्या उष्ण, दमट हवेत फिल्मवरची नोंद पुसट होत असे; हा बदल त्यामुळेही गरजेचा होता.

तुर्भ्याच्या निबंधाने एक प्रश्न पुढे ठेवला: उजळताना डिस्प्रोसियमचे नेमके काय होते? किरणोत्सर्गाने त्याची संयुजा बदलते आणि तापवल्यावर पूर्ववत होते, असा त्यांचा तर्क होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरचे एस. व्ही. मोहरील, पी. एल. मुठाळ आणि सहकारी याच यंत्रणेचा नव्याने शोध घेत होते. बिल्ले तर पंधराएक वर्षे वापरात होते. मग हा खटाटोप कशासाठी?

कारण पूड तयार करणे नाजूक काम आहे. संहत गंधकाम्लात विरघळवायचे, आम्ल उडवून लावायचे, स्फटिक दळायचे, चाळायचे, सातशे अंशांना भाजायचे. यात थोडा फरक पडला, तरी त्याच मात्रेला उजेड वेगळा येऊ शकतो. नळी उजेड चोख मोजील. पण त्या उजेडाचा अर्थ पूडच ठरवते. पूड कशी उजळते हे उमगले, तरच ती सुधारता येते.

नागपूर विद्यापीठात ही वाट पुढे चालू राहिली. संजय ढोबळे यांच्यासारख्यांनी ती एलईडी दिव्यांच्या पुडींपर्यंत नेली. बिल्ला लावणाऱ्या तंत्रज्ञाला ही नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या नावापुढे लिहिल्या जाणाऱ्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवावा, यासाठी कोणीतरी त्या पुडीशी वर्षानुवर्षे झटावे लागते.