उलटी पकड

भाचा पुण्यात नोकरीला आहे. गेल्या ईदला घरी आला, तेव्हा शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्याने मोबाइलवर मला गोल्फच्या काठ्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. "मामू, पूर्ण सेट घेऊ की अर्धा?" मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण तो शाळेत होता तेव्हापासून कंपासपेटी घेण्याआधीही मला विचारायचा, ती सवय अजून गेलेली नाही. बोलता बोलता खरं दुखणं बाहेर आलं. शिकवणारा कोच त्याला रोज म्हणतो, "तुझी पकडच चुकीची आहे, स्विंग काय सुधारणार?"

"पकड चुकीची आहे" हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती. उर्दूच्या तासाला तिचा हात छान चालायचा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे डावा हात लिहिलेल्या ओळीवरून घासत नाही. मराठीच्या तासाला मात्र अक्षरं पुसायची, बाही शाईने भरायची. मी तिची पेन्सिल उजव्या हातात दिली आणि दोन्ही भाषा त्याच हाताने लिहायला लावल्या. तिने ऐकलं. वर्षअखेरीस तिचं अक्षर दोन्ही भाषांत बिघडलेलं होतं, आणि फळ्याजवळ यायला ती घाबरू लागली होती. बी.एड.ला आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही. समोर दिसत होतं, मी पाहिलं नाही.

म्हणून भाच्याला मी काठ्यांबद्दल सांगण्याआधी पापवाबद्दल सांगितलं. ती हकिकत इथे लिहून ठेवतो. पण आधी पकडीचं थोडं समजून घेऊ.

उजव्या हाताने खेळणारा गोल्फर काठी धरतो तेव्हा डावा हात वर, म्हणजे काठीच्या टोकाकडे असतो आणि उजवा त्याच्या खाली. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर अलगद चढवायची, ही जगभर शिकवली जाणारी पकड. तिला हॅरी वार्डनचं नाव आहे. वार्डन हा जर्सी बेटावरच्या एका माळ्याचा मुलगा. ब्रिटनची ओपन स्पर्धा त्याने 6 वेळा जिंकली, पहिली 1896 मध्ये आणि शेवटची 1914 मध्ये. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. लहानपणी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी झाडाच्या फांद्या तासून काठ्या केल्या आणि मोठ्या गोट्यांचे चेंडू केले. गंमत म्हणजे त्याच्या नावाने चालणारी पकड त्याची नाहीच. त्याच्या आधी जॉनी लेडले नावाचा स्कॉटिश हौशी खेळाडू तशीच काठी धरायचा. लेडलेने 1889 आणि 1891 ची हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती. पण नाव वार्डनचं लागलं, कारण तो जास्त जिंकला. वार्डन जिंकला म्हणून ती पकड बरोबर ठरली, आणि पुढे ती बरोबर आहे म्हणून सगळ्यांना शिकवली जाऊ लागली. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात मात्र कुठला हात वर आणि कुठला खाली, याबद्दल अक्षरही नाही.

काठ्यांचंही असंच. आज दुकानात क्रमांक टाकलेला, एकाच साच्यातला सेट मिळतो. शंभर वर्षांपूर्वी दांडा हिकरी नावाच्या लाकडाचा असायचा आणि प्रत्येक दांड्याची लवचीकता वेगळी. काठ्यांना क्रमांक नव्हते, नावं होती: मॅशी, निब्लिक, क्लीक, ब्रॅसी, स्पून. खेळाडू एकेक काठी हातात घेऊन, हवेत फिरवून, मनाला पटली तरच घ्यायचा. अमेरिकेचा बॉबी जोन्स पेशाने वकील, जन्मभर हौशी खेळाडू राहिला. 1930 मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून 28 व्या वर्षी त्याने स्पर्धांना रामराम ठोकला. त्याच्याबद्दल असं सांगतात की त्याच्या काठ्या पुढे यंत्रावर तपासल्या, तेव्हा हाताच्या अंदाजाने निवडलेल्या त्या काठ्यांचा तोल एकमेकींशी जुळणारा निघाला. फक्त एक काठी वेगळी होती, आणि त्याच काठीने त्याला कायम त्रास दिला होता.

पोलादी दांडा आल्यावर हे बदललं. सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी 1929 मध्ये पोलादाला मान्यता दिली. मग एकसारखे सेट कारखान्यातून बाहेर पडू लागले आणि खेळाडू पंचवीस-तीस काठ्या घेऊन मैदानात उतरू लागले. त्या पाठीवर वाहायच्या कुणी? कॅडीने. शेवटी 1938 मध्ये अमेरिकेत आणि 1939 मध्ये ब्रिटनमध्ये 14 ची मर्यादा आली. ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही, हे भाच्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं 14 घ्याव्याच लागतात.

आता पापवा. त्याचं पूर्ण नाव सेवसंकर सेवगोलम. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनजवळ 1920 च्या दशकाच्या अखेरीस एका गरीब हिंदुस्थानी कुटुंबात तो जन्मला. 1860 पासून 1911 पर्यंत नाताळच्या उसाच्या मळ्यांत काम करायला करारावर जी माणसं जहाजांतून नेली, त्या गिरमिटियांच्या वंशातला. (त्याच देशात आपल्या कोकणातले मुसलमानही गेले आणि केपटाऊनला स्थिरावले; त्यांची हकिकत वेगळी, कधीतरी लिहीन.) शाळेशी पापवाचा फारसा संबंध आला नाही. झाडाची फांदी तोडून त्याने पहिली काठी केली आणि पोरवयातच बीचवुडच्या गोल्फ मैदानावर कॅडीचं काम धरलं. गोऱ्यांच्या बॅगा वाहायच्या, हरवलेले चेंडू शोधायचे, बाकी वेळ बघत राहायचं.

कुणी काठी कशी धरायची ते सांगितलं नाही, म्हणून त्याने हाताला बरी वाटली तशी धरली. उजवा हात वर, डावा खाली. म्हणजे वार्डनच्या बरोबर उलट. पुढे या पकडीला सेवगोलम पकड असंच नाव पडलं.

कोचला ही पकड का खटकते, तेही खरं आहे. हात उलटे असले की काठी मागे नेताना मनगट पूर्ण मुडपत नाही, त्यामुळे जोर कमी पडण्याची शक्यता असते. पण नवशिक्याचा सगळ्यात मोठा दोष कुठला? चेंडू हवेत उचलायच्या नादात शेवटच्या क्षणी उजवं मनगट चमच्यासारखं खालून वर उलटतं, आणि काठी एकतर आधी जमिनीला लागते नाहीतर चेंडूच्या डोक्याला. डावा हात खाली असला की डावं मनगट सरळ राहतं आणि उजव्याला ही चलाखी करायला जागा उरत नाही. म्हणून तर आज ग्रीनवर पटरने चेंडू ढकलताना कितीतरी नामवंत व्यावसायिक डावा हात खाली धरतात, आणि त्यांना कुणी चुकीचं म्हणत नाही. पापवा साऱ्या काठ्यांना तसं धरायचा, एवढाच फरक.

डर्बनचा ग्रॅहॅम वुल्फ, ज्याने ऑइल ऑफ ओले हे क्रीम बनवलं, त्याने पापवाचा खेळ पाहिला आणि 1959 मध्ये स्वतःच्या विमानातून त्याला युरोपला नेलं. त्या वर्षीची डच ओपन पापवाने जिंकली. 1960 ची पुन्हा. मग 1964 ची. मायदेशात गोऱ्यांच्या स्पर्धेत जायला त्याला परवानगी लागायची, आणि ती सहज मिळत नव्हती.

1963 मध्ये ती मिळाली. डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन होती. मराठीत आपण क्लब म्हणतो तो संस्थेला, इंग्रजीत काठीलाही तोच शब्द आहे. पापवाला काठी चालवायला परवानगी होती, संस्थेच्या इमारतीत पाय ठेवायला नव्हती. कपडे बदलणं, जेवण, सगळं बाहेर. तो जिंकला. बक्षीस द्यायची वेळ आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गोरे आत होते. पापवाने बाहेर पावसात उभं राहून ट्रॉफी घेतली. तो फोटो जगभर छापून आला, आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध तोडावेत असं म्हणणाऱ्यांच्या हातात एक पुरावा आला.

मला या फोटोपेक्षा 1965 जास्त महत्त्वाचं वाटतं. पावसातला पापवा बघून हळहळणं सोपं आहे. 1965 मध्ये तो पुन्हा नाताळ ओपन खेळला आणि गॅरी प्लेअरला मागे टाकून जिंकला. गॅरी प्लेअर म्हणजे त्या काळच्या जगातल्या अव्वल तिघांपैकी एक, त्याच वर्षी अमेरिकेची ओपन जिंकलेला. त्याच्या देशातला, त्याच्याहून वेगळ्या रंगाचा, हात उलटे धरणारा, आधी कॅडी असलेला माणूस त्याच्यापुढे गेला. एकदा जिंकला तर नशीब म्हणता येतं, दुसऱ्यांदा जिंकला तर काय म्हणायचं? सरकारने उत्तर शोधलं. त्यानंतर त्याला गोऱ्यांच्या स्पर्धा बंद झाल्या, प्रेक्षक म्हणूनही जाता येईना, आणि पासपोर्ट गेल्यामुळे युरोपचाही रस्ता बंद झाला. चाळिशीच्या आतच त्याचा खरा खेळ संपला. 1978 मध्ये हृदयविकाराने गेला तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती आणि हातात पैसा नव्हता.

असा तो एकटा होता असंही नाही. अमेरिकेतला काळा खेळाडू चार्ली ओवेन्सही हात उलटेच धरायचा. सैन्यात पॅराशूटच्या उडीत त्याचा पाय जायबंदी झाला होता. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फर संघटनेच्या नियमावलीत सभासद गोराच असावा असं कलम होतं, ते 1961 मध्ये निघालं. ओवेन्सला मोठं यश मिळालं ते ज्येष्ठांच्या स्पर्धांत, 1986 मध्ये, लंगडत.

आपल्याकडे रंगाचा कायदा नव्हता, पण बॅग वाहणारा आणि बॅगेचा मालक ही वाटणी होतीच. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानात मोगल काळातल्या कबरी उभ्या आहेत, त्यांच्यामधून चेंडू जातात. तिथे कॅडी म्हणून वाढलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला. हिंदुस्थानी व्यावसायिकाने ती जिंकण्याची ही पहिली वेळ. 1993 मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. 1829 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची देखभाल करणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकला. ही मंडळी बघून बघून शिकली. काठी निवडण्याचा प्रश्न त्यांना सुरुवातीला पडलाच नाही, जी मिळाली ती घेतली. माझ्या भाच्यापुढे चौदा काठ्या आहेत आणि प्रत्येक काठीवर मोबाइलमध्ये पन्नास माणसं बोलताहेत. त्याची अडचण खोटी नाही, वेगळी आहे.

त्याला मी शेवटी जे सांगितलं ते एका जाणकार मित्राला विचारून सांगितलं. अर्धा सेट घे, वापरलेला मिळाला तरी चालेल. एक वुड, एक हायब्रिड, पाच, सात आणि नऊ क्रमांकाचे आयर्न, दोन वेज, एक पटर, आठात भागतं. लांबी बघताना उंचीबरोबर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतरही मोजून घे, कारण दोन सारख्या उंचीच्या माणसांचे हात सारखे नसतात. काठी सावकाश फिरवत असशील तर लवचीक दांडा, जोरात फिरवत असशील तर कडक. पहिले दोन महिने सात क्रमांकाचीच काठी, तीही अर्ध्या स्विंगने. चेंडू कुठे गेला ते बघण्याआधी काठी जमिनीला कुठे लागली ते बघ, चेंडूच्या पुढे की मागे.

"आणि पकड?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कोच सांगतो तशी महिनाभर धरून बघ, त्याने बरंच पाहिलेलं असतं. मग एक दिवस वीस चेंडू त्याच्या पकडीने मार आणि वीस तुझ्या, आणि दोन्ही वेळा कुठे पडले ते वहीत लिही. वही घेऊन कोचकडे जा.

डर्बनला उमगेनी नदीच्या काठावर आता महापालिकेचं एक गोल्फ मैदान पापवा सेवगोलमच्या नावाने आहे. भाच्याने त्याच रात्री मोबाइलवर नकाशा उघडून ते शोधलं.