मृगांतील तेजोमेघाचें छायाचित्र

मृगनक्षत्रांत बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ होय. दुर्बिणीला डोळा लावून रात्रभर पाहिलें तरी तो अधिक उजळत नाहीं. कारण आलेला प्रकाश सांठविण्याची सोय डोळ्यांत नाहीं. फोटोच्या कांचेंत ती आहे. मग फोटोग्राफीच्या जन्मानंतर चाळीस वर्षें हें काम कां अडून राहिलें?

कोलोडियनची कांच ओली असेपर्यंतच चाले. कांहीं मिनिटांत वाळून ती निकामी होई. १८७० नंतर जिलेटिनची कोरडी कांच निघाली, आणि ती वाटेल तितका वेळ उघडी ठेवतां येऊं लागली. परंतु आकाश थांबत नाहीं. तें तासाला १५ अंश सरकतें. अवजड दुर्बीण घड्याळयंत्रानें तितक्याच गतीनें फिरली नाहीं, तर ताऱ्याचा बिंदु न उमटतां रेघ उमटते. आजचे हौशी निरीक्षक पुष्कळ लहान लहान छायाचित्रें घेऊन त्यांची बेरीज संगणकाकडून करवितात. त्या काळीं सारा प्रकाश एकाच कांचेवर गोळा करावा लागे.

न्यूयॉर्कचे हेन्री ड्रेपर हे शिक्षणानें वैद्य. ३० सप्टेंबर १८८० रोजीं ११ इंची दुर्बिणीवर ५१ मिनिटें कांच उघडी ठेवून त्यांनीं या तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. मेघाचा ठळक भाग तेवढा उमटला. ड्रेपर यांनीं हट्ट सोडला नाहीं. मार्च १८८२ मध्यें त्यांनीं १३७ मिनिटांपर्यंत मजल नेली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, वयाच्या ४५ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

पुढें अडीच महिन्यांच्या आंतच, ३० जानेवारी १८८३ रोजीं, लंडनजवळच्या ईलिंग येथें अँड्र्यू कॉमन यांनीं बाजी मारली. हे गृहस्थ पेशानें सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनियर, आणि त्यांची वेधशाळा म्हणजे घरामागची बाग! तेथें ३६ इंची आरशाची दुर्बीण होती. तिचा अक्ष पाऱ्यावर तरंगता ठेवल्यामुळें घर्षण कमी होऊन ती संथ फिरे. नाभीय अंतर आरशाच्या रुंदीच्या अवघें सहापट असल्यानें प्रतिमा तेजस्वी पडे. पसरट मेघाला नुसत्या आरशाच्या आकारापेक्षां हें प्रमाणच अधिक उपकारक. ३७ मिनिटांत डोळ्याला कधींहि न दिसलेले तारे कांचेवर उतरले. १८८४ मध्यें रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें त्यांना सुवर्णपदक दिलें.

ही दुर्बीण पुढें एडवर्ड क्रॉसली यांनीं विकत घेतली, व १८९५ मध्यें ती कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेस मिळाली. तेथें जेम्स कीलर यांनीं १८९८ पासून तिच्यावर छायाचित्रें घेतलीं. आणि तिच्या आटोक्यांतले तेजोमेघ एक लक्षाहून अधिक असावेत, असा अंदाज १९०० मधील आपल्या अकाली मृत्यूपूर्वीं त्यांनीं बांधला.