समग्र कवितेच्या प्रस्तावनेची कुळकथा

भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवर, वैनगंगेच्या काठी वसलेले आंभोरे हे मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चे रचनास्थान असल्याची परंपरा आहे. अंबेजोगाईही हा मान सांगते, आणि ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे इ.स. 1188, असा दिला जातो. कवी कोण, त्याची गुरुपरंपरा कोणती, ग्रंथ कोणासाठी, हे सारे अशा ग्रंथांतून ओवीबद्धच येई. 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस नेवासे, रामदेवराव यादवाचे राज्य, शके 1212 आणि लेखनिक सच्चिदानंदबाबा यांची नोंद आहे, त्यामुळे वाचकाला वेगळा परिचय लागत नसे.

कवीवाचून दुसऱ्याने ग्रंथाची जबाबदारी पत्करल्याचे ठळक उदाहरण म्हणजे शके 1506 मध्ये, इ.स. 1584 च्या सुमारास, एकनाथांनी केलेले 'ज्ञानेश्वरी'चे शुद्धीकरण, म्हणजे पाठभेद पारखून केलेली संहितेची निश्चिती. आपण काय केले हे त्यांनी शेवटी ओव्यांतच नोंदवले आणि पुढे कोणी स्वतःची ओवी मध्ये घालू नये, असेही बजावले. मराठी संपादकीय निवेदनाचे मूळ येथे मानावे. कवीविषयीची भक्ती आणि संहितेविषयीची शिस्त इतकी एकजीव झालेली क्वचितच आढळते. पुढे छापखाना आल्यावर हे निवेदन काव्यातून बाहेर पडून गद्यात, पुस्तकाच्या आरंभी आले. केशवसुतांची कविता त्यांच्या निधनानंतर हरी नारायण आपटे यांनी एकत्र प्रसिद्ध केली.

नवकवितेने, म्हणजे चाळीसच्या दशकात रूढ प्रतिमा आणि भावुकता झुगारून यंत्रयुगातील माणसाकडे वळलेल्या कवितेने, निवेदनात वाचकाला काय सांगावे हा प्रश्न कठीण केला, कारण तिने स्वतःचा पत्ता सांगणेच सोडले. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (1947) या संग्रहातील उंदरांच्या कवितेला आगापिछा नाही. ओवी-अभंगांचे वळण मात्र त्यांच्या कवितेत ओळखीचे आहे, आणि त्यामुळेच वाचक अधिक गोंधळतो. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि कवी निर्दोष ठरला. 1956 मध्ये मर्ढेकर गेले, 1959 मध्ये मौज प्रकाशनाने 'मर्ढेकरांची कविता' काढली. अशा ग्रंथाच्या प्रस्तावनाकाराने 'शिशिरागम'पासूनचा (1939) क्रम, छंदांची पूर्वपीठिका आणि खटल्याचा तपशील द्यावा. उंदरांचा एकच अर्थ ठरवून देणे मात्र एकनाथांनी निषिद्ध मानलेली ओवी घालण्यासारखेच होईल. कवितेचे संदर्भ तपासण्याचे हे काम विजया राजाध्यक्ष यांनी 'मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ' (1991) या ग्रंथात विस्ताराने केले, आणि त्याला 1993 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.