'अंतर्गत प्रश्न' : न्यूयॉर्क ते डर्बन

जातीचा प्रश्न देशाबाहेर मांडला की आम्हाला हमखास ऐकवले जाते : हा देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेर जाऊन बदनामी कशाला करता? या 'अंतर्गत प्रश्ना'चाच इतिहास एकदा तपासू या.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील स्मट्स सरकारने तिथल्या भारतीयांच्या जमीनमालकीवर आणि वस्तीवर बंधने घालणारा कायदा केला. भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांत नेला. तेव्हा आपण स्वतंत्रही नव्हतो! स्मट्स यांचा बचाव काय होता? हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. विजयालक्ष्मी पंडित यांच्या शिष्टमंडळाने तो बचाव मोडून काढला. ८ डिसेंबर १९४६ रोजी महासभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. माणसाच्या हक्काला सरहद्द नसते, हे जगाला भारतानेच पटवले.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले. तिथल्या नॅशनल नीग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या आणि भारतातील अस्पृश्यही त्याच वाटेने जाण्याचा विचार करीत आहेत, असे कळवले. डु बॉईस यांनी सहानुभूतीचे उत्तर दिले. म्हणजे बाहेर दाद मागणे हे आमच्या चळवळीने काल शिकलेले खूळ नव्हे.

आता २००१. वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद दक्षिण आफ्रिकेतच, डर्बनला भरली. भारतातून दलित कार्यकर्त्यांचा मोठा जथा तिथे पोहोचला. मागणी साधी होती : जाहीरनाम्यात जातिभेदाचा उल्लेख करा. भारत सरकारने कडाडून विरोध केला. स्मट्स यांची ढाल आता दिल्लीच्या हातात होती.

सोबत दुसरा युक्तिवाद आला : जात म्हणजे वंश नव्हे. आणि गंमत बघा, याला आधार म्हणून बाबासाहेबांचेच नाव घेतले गेले. जातींची उत्पत्ती वेगवेगळ्या वंशांतून झाली, हा सिद्धांत बाबासाहेबांनी खोडून काढला होता, हे खरेच आहे. आम्हीही तेच मानतो. पण प्रश्न तो नव्हताच. १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण यांबरोबर 'कुळजन्म' हाही भेदाचा आधार मानला आहे. हा शब्द मसुद्यात घालण्याची दुरुस्ती कोणी सुचवली? भारताने! कराराच्या देखरेख समितीने १९९६ मध्येच भारताला सांगितले होते की जात या शब्दात येते. जन्मावरून माणसाची पायरी ठरत असेल, तर रक्त तपासण्याची गरजच काय?

डर्बनच्या सरकारी जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द आलाच नाही. स्वयंसेवी संघटनांच्या मंचाच्या जाहीरनाम्यात मात्र दलितांचा प्रश्न नोंदला गेला. आमच्यातले काही जण याला पराभव म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याच देखरेख समितीने सर्व देशांसाठी शिफारस काढली : कुळजन्मावर आधारित भेदभावात जातिव्यवस्थाही मोडते. २००७ मध्ये जिनिव्हात भारताचा अहवाल तपासला गेला, तेव्हा सरकारी शिष्टमंडळाने पुन्हा तेच सांगितले : जात या कराराच्या कक्षेत येत नाही. समितीने ते मानले नाही.